नेलीसाठी विकलेलं हॉटेल

बॅबीनने हॉटेल विकायला काढलं ही बातमी मला सगळ्यात शेवटी कळली. एकतीस वर्षं मी तिच्या स्वयंपाकघरात पीठ मळतेय, आणि मला सांगितलं कुणी, तर टपालवाल्याने. "सोरखा, कुंपणाजवळची पाटी बघितलीस का?" म्हणाला. मी म्हटलं, कसली पाटी? बाहेर जाऊन बघते तर गॉलवे शहरातल्या एजंटाने खांब रोवून फळा ठोकलेला. वर आयरिशमध्ये, खाली इंग्रजीत: विकणे आहे, समुद्रकाठचं छोटं हॉटेल, अकरा खोल्या.

मी तशीच पिठाच्या हातांनी आत आले.

"बॅबीन, हे काय आहे?"

"काय म्हणजे? तुला वाचता येतं की."

"मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस आणि पाव कच्चा राहिला असता. मयताची चाळीस माणसं येतायत जेवायला."

मला भयंकर राग आला, कारण ती म्हणाली ते खरं होतं. पाव भट्टीत सरकवले, झाकण लावलं आणि मग मागच्या दाराशी उभी राहून मनसोक्त रडून घेतलं.

अख्खं कॅरिगनारोन गाव तिला बॅबीन माइक टॉम म्हणतं. माइक तिचा बाप, टॉम आजा. पाठ्यपुस्तकात शोभेल असं तिचं एक लांबलचक नावही आहे, ते फक्त बँक वापरते. वय त्र्याहत्तर. अंगाने चिमणीएवढी, त्यावर बापाचा जुना कोट, केस स्वतःच्या हाताने कापलेले, त्यामुळे एका बाजूला कमी. माणूस ती बुटांवरून ओळखते. पाहुणा आला की आधी त्याचे ओले बूट काढून घेते, त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबते आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ मांडून ठेवते. मग मला हळूच सांगते, "तीन नंबरचा नवरा चिडका आहे, टाचा बघ." आणि खरंच, सकाळी अंड्यावरून तीन नंबरचा नवरा चिडतो.

ती बसलेली मी फक्त दुपारी चारला बघितली आहे, आणि तीसुद्धा गेल्या दोन वर्षांत. चारला नेलीचा फोन येतो.

नेली तिची जुळी बहीण. दोघींचा जन्म बॉस्टनचा, बाप तिथे गोदीत कामाला होता. पोरी दोन वर्षांच्या असताना आजा खाटेला खिळला आणि बाप सगळ्यांना घेऊन परत आला, गायी आणि खडकाळ जमीन सांभाळायला. एकोणीस वर्षांच्या झाल्यावर दोघींपैकी एकीने परत बॉस्टनला मावशीकडे कामाला जायचं ठरलं. गावातले लोक सांगतात, कुणी जायचं ते दोघींनी वाळूत बसून काड्या ओढून ठरवलं. बॅबीन म्हणते, कसल्या काड्या! नेलीचे बूट चांगले होते म्हणून नेली गेली.

तिथे नेलीने एका शाळेच्या भटारखान्यात जन्म काढला. लग्न झालं, मूल झालं नाही, नवरा गेला. दर पंधरवड्याला पत्र यायचं. ती चार वेळा घरी येऊन गेली. बॅबीन एकदाही गेली नाही. उन्हाळ्यात पाहुणे, हिवाळ्यात आई, आई गेल्यावर छप्पर. "पुढच्या वर्षी येते," असं तिने पन्नासेक वर्षं लिहिलं असेल. लिहिताना तिला ते दर वेळी खरंच वाटायचं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

मग नेलीचं डोकं विरत गेलं. आधी चाव्या विसरली, मग रस्ते, मग नवऱ्याचं नाव. तिला वृद्धाश्रमात ठेवलं. आणि तिथे एक दिवस तिचं इंग्रजी गेलं. सगळंच्या सगळं. खांद्यावरून शाल घसरावी तसं गळून पडलं, आणि खाली लहानपणची आयरिश तेवढी राहिली. तिथल्या शहाण्यांना वाटलं ही म्हातारी बडबडतेय. तीन महिने त्यांच्या कागदांवर तेच लिहिलेलं होतं, रुग्ण अर्थहीन बोलते. तो राग मी अजून गिळलेला नाही. शेवटी मिरलांद नावाच्या हैतीच्या नर्सला शंका आली. तिची स्वतःची आजी शेवटी अशीच घरच्या भाषेत शिरून बसली होती. तिने नेलीच्या जुन्या वहीतून आमचा नंबर शोधला, फोन लावला आणि तो नेलीच्या कानाशी धरला.

मी तेव्हा इथे स्वयंपाकघरात कांदे चिरत होते. बॅबीनने फोन उचलला. पलीकडून आवाज आला, इतका स्पष्ट की मलाही ऐकू आला.

"बॅबीन, वासरू आत घेतलंस का गं? पाऊस येतोय."

बाहेर लख्ख ऊन होतं. बॅबीनच्या गोठ्यात चाळीस वर्षांत वासरू नव्हतं. तिने पायानेच स्टूल ओढलं, बसली आणि म्हणाली, "घेतलं गं. केव्हाच घेतलं. तू भिजलीस का?"

तेव्हापासून रोज चार वाजता. तो अर्धा तास हॉटेलात वेगळीच हवा असायची. बॅबीन खिडकीजवळ स्टुलावर, डोळे समुद्राकडे, आणि दोघी चालायला निघायच्या. खरंच सांगते, निघायच्या. "कुठवर आलो?" नेली विचारायची. "मोठ्या खडकापर्यंत," बॅबीन म्हणायची. "पाणी गार आहे?" "आहे की. घोट्याला लागतंय बघ." मग शेवाळ गोळा व्हायचं, टोपली जड व्हायची, आई वरून हाक मारायची, दोघी ऐकू न आल्यासारखं करायच्या. बाहेर भरती यायची, धुकं खिडकीला टेकायचं, शेगडीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळायचं. मला कधीकधी वाटायचं की आत्ता दार उघडेल आणि ओल्या झग्याच्या दोन पोरी आत येतील, फरशी घाण करतील, आणि मलाच त्यांच्यावर ओरडावं लागेल. एक म्हातारा जर्मन पाहुणा तर रोज त्या वेळी जिन्याच्या पायरीवर येऊन बसायचा. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. मी त्याला कधी उठवलं नाही.

"तिला घरी आणायचंय," बॅबीन मला म्हणाली. पाटी लागली त्याच दिवशी, मयताची माणसं जेवून गेल्यावर. "अर्धा तास ती माणसांत असते, सोरखा. बाकीचे साडेतेवीस तास तिला कळेल असं बोलणारं तिथे कुणी नाही. डॉक्टर म्हणतात, यंदा कुणी सोबत असेल तर प्रवास झेपेल. पुढच्या वर्षी नाही."

"मग आण की इथे. अकरा खोल्या आहेत."

"आणि अकरा खोल्यांची अंथरुणं घालू, की तिचा हात धरून बसू? माझे गुडघे तुला माहीत आहेत. हे विकायचं, बापाचं किनाऱ्यावरचं खोपटं नीट करायचं आणि दोघींनी तिथे राहायचं. मी, ती आणि समुद्र. वर्ष मिळालं तर वर्ष, महिना मिळाला तर महिना."

मी भांडी घासायला घेतली.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. आमच्या गावात कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. चहा असो, गाडीतून सोडणं असो, नाहीतर टोपलीभर मासळी. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा माणूस हावरट, आणि एकदाच विचारून गप्प बसणारा त्याहून वाईट, त्याच्या मनातच नव्हतं द्यायचं. माझ्या नवऱ्याने, कोलिमीनने, मला दोनदा लग्नाचं विचारलं, मी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत गाढवाला सहा महिन्यांचं काम मिळालं म्हणून स्कॉटलंडला निघून गेला. ते सहा महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक.

बॅबीन तर या रीतीतच मुरलेली. परदेशी पाहुणे एकदा नको म्हणून पोट धरून बसायचे, ही पुन्हा बटाटे वाढायची. ते पुन्हा नको म्हणायचे, ही आणखी वाढायची. आठवड्याभरात माणसं पट्ट्याचं भोक बदलून घरी जायची.

एप्रिलमध्ये फीअक्रा आला. डब्लिनचा, चाळिशीचा, मोठ्या हॉटेलांत आचारी म्हणून काम करून कंटाळलेला. आयरिश भाषा शाळेत शिकलेली, म्हणजे व्याकरणाला धक्का नाही आणि बोलण्याला चव नाही. पण माणूस बरा होता. खोल्या बघितल्या, गळकी भिंत बघितली, शेगडीवर हात शेकत उभा राहिला. बॅबीनने त्याच्या बुटांकडे बघून मला डोळ्यांनी सांगितलं, चालेल. त्याला हॉटेल हॉटेलच ठेवायचं होतं, गावच्या लोकांना कामावर ठेवायचं होतं, मलासुद्धा. आधी दोघं येऊन गेले होते, त्यांना भिंती पाडून सुट्टीतला बंगला करायचा होता. त्यामुळे मी त्याला केक जरा मोठाच कापून दिला.

मग त्याने टेबलाशी बसून आकडा सांगितला. बॅबीनने एजंटाला सांगितला होता त्याहून चांगला.

"छे, छे," बॅबीन म्हणाली. "एवढे कशाला? जुनं घर आहे. पश्चिमेची भिंत रडते. एवढं कुणी देतं का?"

फीअक्रा गोंधळला. "म्हणजे, तुम्हाला विकायचं नाहीये का?"

"आता काय सांगू बाबा. जन्म गेला इथे."

मला वाटलं, आता हा विचारेल. बॅबीनलाही वाटलं. तिने हात मांडीवर ठेवले, मान जरा खाली घातली आणि वाट बघायला लागली. आणि या शहाण्याने काय करावं? चेहरा मऊ केला, म्हणाला, "समजतं मला. घर सोडणं सोपं नसतं. मी तुम्हाला भरीला घालणार नाही." उठला. तिचा हात हातात घेतला, चहाबद्दल आभार मानले, गेला.

गाडीचा आवाज दलदलीच्या रस्त्यावरून लांब जात जात बंद झाला.

"गेला?" बॅबीन म्हणाली.

"गेला."

"टोपी विसरला असेल. परत येईल."

"टोपी नव्हती त्याला."

"मग विचारायला येईल. एकदाच विचारून कुणी जातं का?"

मे उजाडला तरी कुणी आलं नाही. एजंटाचा फोन आला, गिऱ्हाईक म्हणतं बाईंचं मन तयार नाही. "मी नाही म्हटलं कुठे?" बॅबीन त्याच्यावर उखडली. "मी रीतीने बोलले. त्याला आईबापांनी काही शिकवलं नाही तर तो माझा दोष?" मी म्हटलं, अगं, तूच कर ना त्याला फोन. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू तिला बाजारात उभं राहून भीक मागायला सांगत होते. "माझ्या बापाच्या घरातून कुणी, घे रे बाबा आमचं घर, असं म्हणायला गेलेलं नाही," म्हणाली. इकडे जीव टांगणीला लागलेला, आणि मान तेवढी ताठ. सुकलेल्या लाकडासारखी बाई आहे, वाकायची नाही.

त्याच आठवड्यात चारच्या फोनवर नेली म्हणाली, "कोण बोलतंय?"

"मी गं. बॅबीन."

घड्याळ टकटक करत होतं. मी चमचा ढवळायची थांबले.

"हां," नेली म्हणाली. "मला वाटलं तू माझ्या पुढे गेलीस चालत."

"नाही गं. इथेच आहे. हात दे."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर बॅबीनने शेगडीजवळचे बूट उचलून पुन्हा तिथेच मांडले, मग पुन्हा उचलून मांडले. मला ते बघवेना. मी अॅप्रन काढला, घरी गेले आणि एजंटाकडून नंबर घेऊन सरळ फीअक्राला फोन लावला.

"का रे," मी म्हटलं, "तुला आईने वाढवलं की कारखान्यात बनवलं?"

"कोण बोलतंय?"

"ज्या बाईचा केक खाऊन पळालास ती. तुला हॉटेल हवंय की नको?"

"हवं होतं हो. पण त्या नाही म्हणाल्या."

"ती छे म्हणाली. एकदा. तू किती वेळा विचारलंस?"

"एकदा."

"मग तिने हो कधी म्हणायचं, स्वप्नात?"

मी त्याला सगळी रीत समजावली. तो घाबरत म्हणाला, "आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणाल्या तर?"

"तर ते खरं नाही असेल. तेव्हा आभार मानून जा. पण तोवर खुर्ची सोडायची नाही."

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर तो आला. आता गावात बातमी ठेवायची कुठे? कोलिमीनला नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायचा होता. टपालवाला रविवारीच पत्र घेऊन आला. शेजारच्या तिघी साखर मागायला आल्या, आणि साखर मिळाली तरी हलल्या नाहीत. फीअक्रा घामाघूम. कोट काढू की नको हे त्याला कळेना. बॅबीन चहा ओतायला वळली तसा तो माझ्या कानाशी लागला, "एप्रिलमधलं एक धरायचं का? म्हणजे आता दोनच उरले?"

"ते शिळं झालं. पहिल्यापासून सुरू कर."

त्याने विचारलं. बॅबीन म्हणाली, छे, छप्पर बघितलंस ना? त्याने चहाचा घोट घेतला, पुन्हा विचारलं. बॅबीन म्हणाली, अरे पोरा, हिवाळ्यात वारा असा शिरतो की पडदे आडवे होतात, कशाला स्वतःचं वाटोळं करून घेतोस. कोलिमीनने नळ पिळायचं थांबवलं. साखरवाल्या श्वास धरून. फीअक्राने रुमालाने कपाळ पुसलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी त्याचा आवाज खरंच कातर झाला. "मला हे घर फार आवडलंय हो. द्या ना."

बॅबीनने हात पुसले. टेबलाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "एवढा जीव टाकतोयस तर घे बाबा," ती म्हणाली. "काय करणार."

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला नाही. पण बॅबीनचा चेहरा मी विसरणार नाही. त्र्याहत्तर वर्षांची ती बाई त्या क्षणी एकोणीसची दिसत होती. चारच्या फोनवर तिने पहिलं वाक्य तेच टाकलं, "नेली, मी येतेय तुला घ्यायला." आणि नेली म्हणाली, "मग लवकर ये. मी दाराशीच उभी आहे."

वकिलांना कागद हलवायला सप्टेंबर लागला. उन्हाळाभर आम्ही खोपटं नीट केलं. चुन्याचा हात दिला, दार हिरवं रंगवलं, चिमणीतलं कावळ्याचं घरटं काढलं. दोन खाटा खिडकीकडे तोंड करून मांडल्या, मधे हात धरता येईल एवढंच अंतर. बॅबीन रोज संध्याकाळी जाऊन त्यातल्या एका खाटेवर बसायची. ऊन आमच्याकडे तेव्हा रात्री दहा-दहा वाजेपर्यंत जात नाही. ती तिथे त्या पिवळ्या उजेडात दुसऱ्या खाटेशी हळू आवाजात बोलत असायची. मी दोनदा बघितलं आणि खोकल्याशिवाय आत गेले नाही.

कोलिमीनने तिला शॅननच्या विमानतळावर सोडलं. मीही गेले. दोन वर्षांची असताना जी देशाबाहेरून आली ती आता पहिल्यांदा बाहेर निघाली होती, हातात एक पिशवी, पिशवीत मूठभर शेवाळ, नेलीला वास द्यायला. "चौदा दिवसांत दोघी येतो," म्हणाली. "त्या खाटांवर गरम पाण्याच्या पिशव्या ठेव." मी तिला घट्ट धरलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं नव्हतं ती एवढी हलकी असेल.

आठ दिवस काही कळलं नाही. नवव्या दिवशी मी फीअक्राला पाव शिकवत होते, इतक्यात फोन वाजला.

"केलास एकदाचा फोन!" मी म्हटलं. "ओळखलं का तिने?"

ती म्हणाली, "डोळे मिटलेले असले की ओळखते. पडल्या पडल्या डोळे मिटून घेते आणि आम्ही दोघी खूप बोलतो. कालच पार मुखापर्यंत जाऊन आलो, जिथे नदी समुद्राला मिळते. आईला न सांगता. पण डोळे उघडले की मी कुणीतरी म्हातारी असते. मग ती मला अहोजाहो करते."

"अगं, मग सांग ना तिला, तूच बॅबीन आहेस म्हणून."

"सांगितलं, पहिल्याच दिवशी. आरडाओरडा झाला. 'माझ्या बॅबीनचं काय केलंत?' म्हणाली. दोन दिवस जेवली नाही. आता नाही सांगणार."

फीअक्रा पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत होता. मी त्याला पाठ केली.

"काही नाही ओळखलं तरी चालेल," मी म्हटलं. "घेऊन ये तिला. इथला वारा लागला की सगळं आठवेल. पिशव्या तयार आहेत."

"तेच म्हटलं मी. तिकीट दाखवलं. म्हटलं, चला बाई, खिडकीजवळची जागा आहे, थेट कॅरिगनारोनला नेते तुम्हाला." बॅबीनचा आवाज अगदी सपाट होता, खरेदीची यादी वाचावी तसा. "तर माझा हात धरून म्हणाली, 'तुम्ही फार चांगल्या आहात. तुमचं बोलणंही आमच्याकडचंच वाटतं. पण मला इथून हलता येणार नाही. माझी बहीण येणार आहे मला घ्यायला. ती एवढ्या लांबून येईल आणि मी नसेन तर ती कुठे शोधेल मला? तिने कधी गाव सोडलं नाही हो.' पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मिरलांदने खुर्चीवर बसवून दारापर्यंत नेली, तर दाराची चौकट धरून एवढी रडली की मीच म्हटलं, राहू दे."

खोपट्याची किल्ली माझ्या अॅप्रनच्या खिशात होती, ती मी मुठीत दाबून धरली.

"मग आता?"

"आज सकाळी तिने विचारलं, 'ती येईपर्यंत तुम्ही बसाल का माझ्यापाशी?'"

"आणि तू काय म्हणालीस?"

"बसते म्हटलं. मिरलांदच्या घरात माझ्यासाठी एक खोली आहे, वरच्या मजल्यावर. जिना जरा उभा आहे. आता ठेवते मी, सोरखा, तिला जाग येतेय."